सातवं गाणं

रमणशेठनी मला फसवलं. पिंपळवंडीच्या यात्रेत सातवं गाणं वाजणार नाही, असा शब्द त्यांनी मला दुकानात, गल्ल्यावर हात ठेवून दिला होता. ते वाजलं. माझ्या गावात, माझ्या साउंडवर, माझी आई पहिल्या रांगेत बसलेली असताना वाजलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी या माणसाबद्दल बरंच बरं लिहिणार आहे आणि त्यामुळं मी त्यांना माफ केलं असं कुणाला वाटायला नको.

जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. घराणं मारवाडातून आलेलं, पण त्याला चार पिढ्या झाल्या. घरात मारवाडी बोलायचे, दुकानात मराठी, आणि भांडायची वेळ आली तर दोन्हीकडं मराठीच. दुकानात डावीकडं स्टील, उजवीकडं तांबं-पितळ आणि मधल्या खांबाला खिळ्यावर टांगलेली लाल इलेक्ट्रिक गिटार. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "शेठ, ही केवढ्याला?" शेठ वहीतून मान वर न काढता म्हणायचे, "ती विकायची नाही. घेऊन बघा, घरदार विकायला लावील."

भांडं विकायची त्यांची एक तऱ्हा होती. पातेलं मागितलं की आधी बोटाच्या पेरानं त्याच्या कडेवर टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा आणि डोळे मिटून आवाज विरेपर्यंत थांबायचं.

"हे नका घेऊ बाई. बेसूर आहे. ते पलीकडचं घ्या."

"अहो शेठ, मला वरण शिजवायचंय."

"मग? वरणालाही बरं वाटलं पाहिजे."

बाई हसायची आणि पलीकडचं घ्यायची. "वाजवून बघा, मग बोला" हे त्यांचं वाक्य अख्ख्या पेठेला पाठ होतं. ते भांड्याबद्दल म्हणत, स्थळाबद्दल म्हणत, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाबद्दलही म्हणत. फोनवर मात्र ते कधीच काही ठरवत नसत. भाव विचारा, तब्येत विचारा, यात्रेची तारीख विचारा, उत्तर एकच. "फोनवर नाही. दुकानात या."

कॉलेजात असल्यापासून त्यांचा एक बँड होता, 'ठिणगी' नावाचा. शेठ गिटार वाजवायचे आणि गायचे. ड्रमवर दत्तू. दत्तू लेण्याद्रीच्या बाजूचा शेतकरी, लहानपणी लग्नांत हलगी वाजवायचा, तोच हात त्यानं ड्रमला लावला. बेस आणि कीबोर्डवर माणसं येत-जात राहिली. साउंड माझा, आणि सुपाऱ्या घेणं, म्हणजे कार्यक्रम ठरवून विसार घेणं, हेही माझ्याकडं. रॉक बँड म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला सांगून कळत नसे. यात्रा कमिटीनं विचारलं की मी सांगायचो, "ऑर्केस्ट्राच हाय, पर जरा रागात." एवढ्यावर सौदा व्हायचा.

त्यांचं एक गाणं फार चाललं. 'चढ गं गाडी'. घाटात दमलेल्या जुन्या टेम्पोचं गाणं. कॅसेटच्या जमान्यात ते जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक जीपमध्ये वाजायचं. शेठना त्याचा पुढं पुढं कंटाळा आला होता. पण कंटाळा त्यांनी स्टेजवर कधी दिसू दिला नाही, त्याचं कारण माझा नियम.

तो नियम कसा झाला ते सांगतो. यात्रांना बँड नवा होता. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या यात्रेत कार्यक्रम चालला होता. आमच्याकडं रीत अशी, की ऐकणाऱ्यानं दहाच्या नोटेला चिठ्ठी लावून पाठवायची, स्टेजवरून त्याचं नाव पुकारायचं आणि त्यानं मागितलेलं गाणं वाजवायचं. एका म्हाताऱ्यानं भजनाची चिठ्ठी पाठवली. शेठ ऐन पंचविशीतले. माइकवर म्हणाले, "आम्ही आमचीच गाणी वाजवतो." कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. तो म्हातारा उठला, स्टेजकडं पाठ केली आणि परत खाली बसला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या मागचे. दोन गाण्यांत अख्खं गाव आमच्याकडं पाठ करून बसलं. शेवटचं गाणं आम्ही हजारभर पाठींना ऐकवलं.

परतताना मी टेम्पोत असा भडकलो, की दत्तू खाली उतरून मागं सामानात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मी ड्रमच्या पेटीवर ऑइलपेंटनं लिहिलं : चिठ्ठी आली की गाणं वाजलंच पाहिजे. पाठवणारा कोण आणि गाणं कोणतं, हे बघायचं नाही. शेठ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण एकदा मानल्यावर तो नियम माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त पाळला. एका गावी एका झिंगलेल्या पाव्हण्यानं 'चढ गं गाडी'च्या अकरा चिठ्ठ्या पाठवल्या. शेठनी अकरा वेळा नाव घेतलं आणि अकरा वेळा गाडी चढवली. अकराव्या वेळी पहिल्यापेक्षा बरी चढली.

खाणं त्यांचं सूर्य मावळायच्या आत. कांदा-लसूण नाही, पाणी उकळून गार केलेलं, तेही घरून आणलेलं. कांद्याच्या मुलखात, जिथं यात्रेला गावभर मटणाचा वास असतो, तिथं मी या माणसासाठी दिवस मावळायच्या आधी साधी खिचडी मिळवत फिरायचो. कधी मिळायची नाही. मग ड्रमच्या पेटीवर बसून डब्यातला खाकरा नि लोणचं खायचे आणि म्हणायचे, "बबन, तू उगाच ओरडतोस. पोट भरलं." मी ओरडायचोच. माझा स्वभावच तसा आहे.

भांड्यांवर नाव घालायचं मशीन ते स्वतः चालवत, नोकराच्या हाती कधी दिलं नाही. 'अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट' असं कोरता कोरता त्यांना दोन तालुक्यांतली सोयरीक पाठ झाली होती. अक्षर ठसठशीत. फक्त 'भ' काढताना त्याला खाली वेलीसारखी शेपूट द्यायचे. तसा 'भ' दुसरं कुणी काढत नाही. कुठल्याही गावात कुठल्याही घरात तो दिसला, की भांडं शेठच्या दुकानातलं हे समजायचं.

एकदा तळेघरच्या बाजूची एक बाई तांब्या घेऊन आली. एसटी चुकली म्हणून निम्मा रस्ता चालत आलेली. नवऱ्यानं टाकलं होतं, तांब्यावर दोघांची नावं होती, त्यातलं त्याचं काढून हवं होतं. शेठनी घासून, पॉलिश करून नाव काढलं. ती पदराची गाठ सोडायला लागली तर म्हणाले, "घालायचे पैसे घेतो. काढायचे नाही." मग विचारलं, "आता या जागी कुणाचं घालू?"

बाई म्हणाली, "माझंच घाला की परत."

"ते आहे की वर."

"आसू द्या. खालीबी घाला."

शेठनी घातलं. खालचं वरच्यापेक्षा मोठं.

आता हंड्याचं सांगायलाच पाहिजे. टाळून चालणार नाही, मी बरीच वर्षं टाळलं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. वडील नव्हते. घरात एक तांब्याचा हंडा होता, आईला तिच्या भावानं लग्नात दिलेला, वर तिचं नाव कोरलेलं : भागीरथी. नारायणगावात एक जण दोन कर्णे आणि अँप्लिफायर विकत होता. ते मिळाले की लग्नांत, सभांत लावून माझं पोट सुटेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आईला विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही. ती खुरपायला गेल्यावर हंडा पोत्यात घातला आणि जुन्नरची एसटी धरली.

गल्ल्यावर रमणशेठ होते. मला ते ओळखत नव्हते. हंडा त्यांनी वाजवला, डोळे मिटून ऐकला आणि मग काट्यावर ठेवला. मोडीचा भाव सांगितला. मी नाही म्हणालो. ते थोडे चढले. मी परत नाही म्हणालो. तासभर आमचं चाललं. शेवटी ते हसत म्हणाले, "अरे, नाव कोरलंय तिथलं तांबं गेलेलं आहे. तेवढं मीच कापायला पाहिजे."

मी म्हणालो, "उलटं हाय शेठ. नावाचंबी वजन धरा."

त्यांनी हंडा काट्यावरून उतरवला. मग विचारलं, "आईला सांगून आणलायस?"

"तिनंच पाठवलाय."

मी मागितलं तेवढं त्यांनी दिलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. आठवडाभरानं कुणाच्या तरी कार्यक्रमात त्यांनी माझे कर्णे ऐकले आणि मला बँडवर बोलावलं. हंड्याबद्दल त्या दिवशी बोलले नाहीत, नंतरही कधी बोलले नाहीत.

घरी मी सांगितलं, हंडा पाणवठ्यावरून चोरीला गेला. आई एक दिवस गप्प होती. त्यानंतर तिनं चोराला शिव्या द्यायला सुरुवात केली, ती थांबली नाही. "ज्यानं माझा हंडा नेला त्याच्या भाकरीला कधी चव लागू नये," असं म्हणत ती माझ्या ताटात भाकरी वाढायची. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला हंडा. माझ्या लग्नात हंडा. मला मुलगा झाला, त्याच्या बारशाला हंडा. माझं पुढं चांगलं झालं. दोन कर्ण्यांचे दोन टेम्पो झाले, मंडप झाला, लाइट झाली. मी तिला एकामागून एक तीन हंडे आणून दिले. तिनं एकात तांदूळ भरले, एकात गोधड्यांच्या चिंध्या, एक पालथा घालून ठेवला. पाणी एकातही भरलं नाही. मी अर्ध्या ताटावरून उठायचो आणि बायकोवर ओरडायचो.

हे सगळं जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाबरोबर मी महिन्याचे पंधरा दिवस काढत होतो.

दोनेक वर्षांपूर्वी शेठ म्हणाले, "बबन, नवा अल्बम करतोय. नऊ गाणी. मध्ये थांबायचं नाही. नऊ मिळून एकच गोष्ट."

"कुणाची?"

"एका हंड्याची."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी टिचकी मारून एक झाकण बघायला घेतलं होतं.

रेकॉर्डिंग दुकानामागच्या गोदामात केलं, भांड्यांच्या चळतींमध्ये. एका गाण्यात तांबट हंडा ठोकतोय, एकात त्यावर नाव घालतायत, एकात तो वरातीत चाललाय, एकात विहिरीत बुडतोय, एकात बाळंतिणीचं पाणी तापवतोय, एकात टँकरच्या रांगेत उभा आहे. सहा गाणी मीच रेकॉर्ड केली. सातव्याच्या दिवशी शेठ म्हणाले, "उद्या तू येऊ नकोस. मी आणि दत्तू करतो." तिथंच मला समजायला पाहिजे होतं.

अल्बम मोबाइलवर आला. तीस-पस्तीस वर्षं 'चढ गं गाडी' ऐकणाऱ्या लोकांना कळेना, याचं करायचं काय. पेठेतला न्हावी म्हणाला, "शेठ, सगळं खरं, पर ह्यात नाचायचं कुठं?" डीजेवाली पोरं म्हणाली, "आजोबांनी तोंडात मारली राव, लई भारी." पुण्याच्या एका पेपरात कुणीतरी लिहिलं, की कल्पना मोठी आहे पण चौथ्या गाण्यापासून दम लागतो. ते शेठनी कापून गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं. गुजरी गल्लीतले एक शेठजी म्हणाले, "धंद्याची जाहिरात झकास केलीत!" आणि खरंच, पेठेतल्या बऱ्याच लोकांची तीच समजूत झाली. महिनाभर माणसं येऊन विचारायची, "गाण्यातला हंडा दाखवा." ओतूरकडची एक म्हातारी ऐकून रडली आणि मग म्हणाली, शेवट बदला. यावर कडी म्हणजे तीन वेगवेगळ्या गावांतली तीन घराणी दुकानात येऊन भांडून गेली. प्रत्येकाचं म्हणणं, हा हंडा आमचा, आमच्या आजीची गोष्ट तुम्ही परवानगीशिवाय गायलात. शेठ तिघांनाही म्हणाले, "असेल." तिघंही खूश होऊन गेले.

चौथा मी होतो. मी सातवं गाणं टेम्पोत ऐकलं. गाण्याचं नाव 'मोड'. एक पोरगा पोत्यातून हंडा आणतो आणि दुकानदाराशी घासाघीस करतो. धृपद होतं, "नावाचंही वजन धरा, शेठ, नावाचंही वजन धरा." आठ वेळा. मी टेम्पो कडेला घेतला. मागून ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं मला शिव्या दिल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उलट दिल्या नाहीत.

तसाच दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सुरू केलं.

"माझं वाक्य चोरलंत तुम्ही!"

"चोरलं नाही. तू मला विकलंस. हंड्याबरोबर आलं."

"चेष्टा नको शेठ. म्हातारी जिवंत हाय माझी. तिनं ऐकलं तर?"

"ऐकलं तर काय?"

"मरंल ती! न्हाईतर मी मरंन. पिंपळवंडीची सुपारी मी घेतलीय, तिथं तुमी हेच वाजवणार. ती पुढं बसणार. सातवं वाजलं तर आजपासून तुमचा-माझा संबंध तुटला."

गिऱ्हाइकं झाकण घ्यायचं सोडून ऐकत उभी होती. शेठनी वही मिटली. मग गल्ल्यावर हात ठेवला. "पिंपळवंडीत सहाव्यानंतर मी आठवं घेईन. शब्द."

घरी मी पोरांना दम भरला, की आजीसमोर तो अल्बम लावाल तर मोबाइल विहिरीत टाकीन. आईनं विचारलं, "काय रं, कशाचं गाणं हाय ते?" मी म्हणालो, इंग्रजी आहे.

बिबट्यामुळं आता आमच्याकडं यात्रेचे कार्यक्रम दिवसाउजेडीच उरकतात. कुस्त्या संपल्या आणि चारच्या सुमारास बँड उभा राहिला. कमिटीचे गेनभाऊ मला आधीच बजावून गेले होते, "बबनराव, गाडी चढली पायजे, बाकी काय वाजवायचं ती वाजवा." आई नवं लुगडं नेसून बायकांच्या पहिल्या रांगेत, सतरंजीवर. मी समोर, गर्दीच्या पाठीमागं, मिक्सरवर. स्टेजवर दत्तूच्या शेजारी कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं.

शेठनी आधी 'चढ गं गाडी' घेतलं आणि गेनभाऊंना मोकळं केलं. मग म्हणाले, "आता एक गोष्ट सांगतो. नऊ गाण्यांची आहे. जरा बसा." लोक बसले. पोरं मागं चुळबुळत होती, काही जण भेळेच्या गाड्यांकडं गेले, पण बायका हलल्या नाहीत. टँकरच्या रांगेचं सहावं गाणं झालं तेव्हा एकीनं मोठ्यानं "खरंय बाई" म्हटलं. सहावं संपलं. शेठनी गर्दीवरून माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि आठव्याची सुरावट धरली. मी श्वास सोडला. माणसानं शब्द पाळला म्हणून मला डोळ्यांत पाणी आलं, हे मी खोटं सांगत नाही.

तेवढ्यात बायकांतून एक चिठ्ठी पुढं निघाली. दहाची नोट लावलेली. या हातातून त्या हातात, स्टेजपर्यंत. शेठनी गिटार थांबवली, चिठ्ठी उघडली आणि माइकवर वाचली.

"भागीरथीबाई, पिंपळवंडी. यांची फर्माईश आहे, गाणं सातवं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझा हात माइकच्या फेडरवर गेला. तो एक इंच खाली ओढला असता की शेठचा आवाज बंद. स्टेजवरून दत्तूनं बघितलं आणि माइक नसताना ओरडला, "बबन! चिठ्ठी हाय!"

माझाच नियम. ड्रमच्या पेटीवर, माझ्याच हातानं लिहिलेला. मी हात उचलला.

दत्तूनं कापड काढलं. खाली हंडा होता. उलटा घातलेला, लख्ख घासलेला, आणि इतक्या लांबूनही मला तो ओळखू आला. शेठनी तो मोडलाच नव्हता. दत्तूनं हातानं ठेका धरला आणि सातवं सुरू झालं. पोतं, काटा, घासाघीस, सगळं माझ्या गावासमोर. मी आईकडं बघत होतो. मागून फक्त तिचा पदर दिसत होता. धृपद आलं, "नावाचंही वजन धरा." पदर हलला नाही.

रेकॉर्डवर गाणं तिथं संपतं. त्या दिवशी शेठ पुढं गायले. नवं कडवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आली,
फळीवरचा हंडा बघितला,
नावावरून हात फिरवला,
विचारलं, केवढ्याला घेतला.
आकडा ऐकून हसली बाई,
बरा भाव काढला की पोरानं.
मोडू नका, बोलू नका,
कळू देऊ नका त्याला.

पहिल्या रांगेतला पदर वळला. हजार माणसांवरून आईनं मागं मिक्सरकडं बघितलं आणि सौदा पटल्यावर माणूस मान हलवतो तशी एकदाच मान हलवली. मग परत पुढं बघायला लागली. आठवं आणि नववं गाणं मी कसं लावलं, मला आठवत नाही. लोक म्हणाले, आवाज चांगला लागला होता.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं.

"तुला ठावं व्हतं?"

"दुसऱ्याच दिशी. नवा हंडा बघाया गेल्ते, तर माझाच फळीवर बसलेला."

"मग इतकी वर्सं शिव्या कुणाला देत व्हतीस?"

"ज्यानं नेला त्याला."

"म्हंजी मला!"

"मंग? चोराला न्हाई तर काय देवाला देऊ?"

"अगं, मला म्हणायचं व्हतं की एकदा!"

"तू म्हनलास का मला?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तू कर्णं आणलंस, कामाला लागलास. त्या दिशी त्वांडावर बोलले असते तर तू घर सोडून गेला असतास. तुझा राग काय मला म्हाईत न्हाई व्हय?"

चिठ्ठी माझ्या हातात होती. मी ती शेठच्या पायापाशी पडलेली उचलून आणली होती. तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट बघितली. 'भागीरथीबाई' मधला 'भ'. खाली वेलीसारखी शेपूट.

"आई, ही कुणी लिवली?"

"मला कुठं लिवता येतंय? शेठनीच दिली लिवून. गेल्या बाजारी आल्ता, तू नव्हतास. हितं वट्ट्यावर बसला. म्हनला, मावशी, बबन नको म्हनतोय, तुमी काय म्हनता? मी म्हनलं, दे लिवून, मी मागते."

म्हणजे मला गल्ल्यावर हात ठेवून शब्द देणारा माणूस त्यानंतर माझ्या घरी येऊन माझ्याच आईला चिठ्ठी लिहून देऊन गेला होता. माझ्याच नियमात मला बांधायला.

मी स्टेजच्या मागं गेलो तो भांडायच्या तयारीनं. शेठ ड्रमच्या पेटीवर बसून खात होते. मला येताना बघून त्यांनी एक हात वर केला आणि दुसऱ्या हातानं उसाच्या फडावर टेकलेल्या सूर्याकडं दाखवलं. तोंडातला घास संपल्यावर म्हणाले, "दोन घास राहिलेत. तेवढे खाऊ दे, मग शिव्या दे."

मी उभा राहिलो. त्यांनी सावकाश खाल्लं, पाणी प्यायले, डबा पुसून बंद केला. सूर्य गेला.

"हां," म्हणाले. "वाजवून बघितलं. आता बोल."

मी शेजारी पडलेली वायर उचलली आणि गुंडाळायला लागलो. छातीवरचं एवढं मोठं ओझं कुणी काढून नेलं होतं, की शिवी द्यायला लागणारा जोरच राहिला नव्हता. दत्तू सामान भरत होता. हंडा आईकडं नेऊन दिला तर तिनं घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "हितं नुसता पालथा पडंल. तिकडं वाजतोय तर वाजू द्या." दत्तूनं तो टेम्पोच्या मागं, सगळ्यात वर दोरीनं बांधला. टेम्पो हायवेकडं निघाला. शेठनी मागं वळून बघितलं नाही, फक्त खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर पेरानं दोनदा टिचकी मारली. हंड्याचं तोंड माझ्याकडं होतं. त्यात वारा भरत होता आणि तो घुमत होता. टेम्पो दिसेनासा झाला तरी थोडा वेळ ते ऐकू येत होतं.

त्या दिवशी मी घरी बसून चार भाकरी खाल्ल्या. आई वाढत होती. शिवी दिली नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

आता दुकान पुतण्या बघतो. शेठ लांब, मुलीकडं राहायला गेलेत. गुडघे दुखतात म्हणे. गिटार बरोबर नेलीय, खांबाचा खिळा तेवढा राहिलाय. मी फोन करतो. ते म्हणतात, "फोनवर नाही. दुकानात भेटू." आणि दुकानात ते नसतात.

रमणशेठ, तुम्ही हे वाचाल, पुतण्या तुम्हाला पाठवील. सातवं वाजवलंत, माझी सुटका झाली, ते मी सोडलं. पण छत्तीस वर्षं तुम्ही माझ्या शेजारी टेम्पोत बसत होता. दर दिवाळीला माझं तोंड उतरलेलं तुम्ही बघत होता. 'तुझ्या आईला माहीत आहे', एवढं एक वाक्य तुमच्यापाशी होतं, आणि ते तुम्ही हंड्याशेजारी फळीवर ठेवून दिलंत. आईला विचारलं तर ती म्हणते, शेठला विचार. तिनं 'बोलू नका' म्हटलं होतं, ते दोन-चार वर्षांना ठीक, छत्तीसला नाही. तर मी विचारतोय. का ठेवलंत? फोनवर नको. जुन्नरला या, गल्ल्यावर हात ठेवा आणि सांगा.